वॉरंटीतली गाडी आणि पंधरा मिनिटांचा नियम

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच व्यासपीठावर नाट्यसंगीत झालं, उद्या मुलांच्या स्पर्धा आहेत, आणि मधल्या दिवशी तुमच्या वाट्याला डिझेल इंजिन आलं आहे! विषय मी निवडलेला नाही, कार्यकारिणीने दिला. वर्गणीतून आणि देणग्यांतून एक रुग्णवाहिका घ्यावी असं मंडळाच्या मनात आहे. "तुम्ही रेल्वेत मेकॅनिकलला, चार गोष्टी सांगा," असा आग्रह झाला. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. हात काळे होतात ती कामं माझी. तेव्हा जे सांगेन ते पान्याच्या भाषेत सांगेन, सांभाळून घ्या.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. अपघाताच्या ठिकाणी डॉक्टर आणि औषधं घेऊन जाणारी रेल्वेची एक मेडिकल व्हॅन असते. ती ठरलेल्या स्टेशनांवर वेगळ्या सायडिंगवर उभी असते. आदेश मिळाल्यापासून ती किती वेळात हलली पाहिजे हे लिहून ठेवलेलं आहे. सायडिंग दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर १५ मिनिटं, एकाच बाजूने असेल तर २० मिनिटं. क्रेनसह जाणारी मोठी मदत गाडी दिवसा ३० मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत निघाली पाहिजे. ही गाडी वर्षभरात किती किलोमीटर धावली, हे कोणी कौतुकाने विचारत नाही. हूटर झाला, गाडी निघाली का, एवढाच प्रश्न असतो. जखमी माणसाचा पहिला तास मोलाचा, त्यातली मिनिटं सायडिंगवर घालवायची नाहीत, हा त्यामागचा विचार.

आता वॉरंटीचं पुस्तक उघडून बघा. त्यात अमुक महिने, तमुक किलोमीटर, सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, असं असतं. पंधरा मिनिटांचा उल्लेख कुठेच नसतो. वॉरंटी सुट्या भागांची असते, वेळेची नसते. तुमची-माझी कार दोन दिवस सर्व्हिस सेंटरला राहिली तर आपण रिक्षाने ऑफिसला जातो. अँब्युलन्स दोन दिवस राहिली तर त्या दोन दिवसांत कोणाच्या घरून फोन येईल, ते सांगता येत नाही. म्हणून गाडी वॉरंटीत आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. वेळेची जबाबदारी गाडीच्या मालकाची, म्हणजे उद्या आपल्या मंडळाची.

हे सगळं मी एका उदाहरणावरून सांगतो आहे. बेंगळूरुतल्याच एका धर्मादाय संस्थेने नवी कोरी डिझेल रुग्णवाहिका घेतली. संस्थेचं, कंपनीचं, डीलरचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पहिल्या आठ महिन्यांत गाडी सात वेळा सर्व्हिस सेंटरला गेली. कधी डॅशबोर्डवर दिवा लागून इंजिनाची ताकद निम्मी व्हायची, कधी दोन रात्री उभी राहिली की सेल्फच मारायची नाही. एकदा छातीत दुखणाऱ्या आजोबांना घेऊन जाताना फ्लायओव्हरच्या चढावर गाडी बैलगाडीसारखी चालू लागली. मुलाने मागून येणारी टॅक्सी थांबवली आणि वडिलांना त्यात हलवलं. आजोबा वाचले. पण त्यांना आणताना स्ट्रेचरवर झोपवलेलं होतं आणि हॉस्पिटलात ते टॅक्सीत बसून पोचले, हे चित्र संस्थेतल्या कोणाच्याही डोळ्यांपुढून जाईना. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं ठरलेलं होतं. "गाडी तुम्ही शहरात चालवता, म्हणून फिल्टर तुंबतो. तो वॉरंटीत बसत नाही." आणि पुढची तारीख विचारली की, "नाळे बन्नी, सार." इथल्या गावांत पूर्वी दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवत. दाराशी आलेलं भूत ते वाचून परत जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, पुन्हा वाचून परत जायचं. वॉरंटीतल्या गाडीचा मालक म्हणजे ते भूत!

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, ते समजून घेऊ. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा नियम लागू झाले. तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरून धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि ती जाळून टाकते. यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. रुग्णवाहिकेचं आयुष्य नेमकं उलटं. तीन किलोमीटर जायचं, सिग्नलला अडकायचं, कार्यक्रमाच्या मैदानावर एसीसाठी इंजिन चालू ठेवून दोन तास उभं राहायचं. किलोमीटर वाढत नाहीत, काजळी वाढते. जाळण्याचं काम अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वर चढलेली दिसते. शेवटी इंजिन वाचवण्यासाठी संगणक ताकद कमी करतो. मागे झोपलेल्या पेशंटची संगणकाला कल्पना नसते.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत अग्निशामक गाड्या आणि रुग्णवाहिका ऐन कामात अशा मंदावण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा २०१२ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने नियम बदलला. आपत्कालीन गाड्यांच्या इंजिनाची ताकद या कारणाने कमी होऊ नये, अशी रचना करायला त्यांनी कारखानदारांना परवानगी दिली.

मग आमच्या उदाहरणात दोष वापराचा की गाडीचा? हे भांडून कळलं नसतं, ते वहीने सांगितलं. रेल्वेत इंजिन बंद पडलं की कोण ओरडलं याला किंमत नसते, नोंद काय आहे याला असते. मी एक साधी शंभर पानी वही सुरू करायला सांगितली. तारीख, वेळ, किलोमीटर, त्याआधी गाडी किती आणि कुठे चालली, कोणता दिवा लागला, ऑइलची पातळी, किती मिनिटं खोळंबा झाला. ड्रायव्हरने लिहायचं आणि सही करायची.

दीड महिन्यात दोन नोंदी बोलक्या निघाल्या. गाडी दोनदा म्हैसूरला जाऊन आली होती, जाताना-येताना मिळून सुमारे तीनशे किलोमीटर, मोकळ्या रस्त्याने. एवढ्या धावेत फिल्टर स्वच्छ व्हायलाच हवा. तरी दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी दिवा लागला. मग काजळी आली कुठून? याचा अर्थ फिल्टर भरलेला नव्हता. 'भरला आहे' असं सांगणारा सेन्सर खोटं बोलत असावा.

ही नोंद दाखवल्यावर आम्ही एकच मागणी केली. आमच्याकडे जिला जॉइंट नोट म्हणतात, तशी संयुक्त तपासणी. रुग्णवाहिकेला तीन बाप असतात. चेसिसवाला, मागची बॉडी बांधणारा आणि वैद्यकीय उपकरणं बसवणारा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तिघांनाही एकाच दिवशी गाडीपाशी बोलावलं. कॉम्प्युटर लावून फॉल्ट कोडची छापील प्रत घेतली. त्यात 'पी २४६३', म्हणजे फिल्टरमध्ये काजळी साठल्याचा कोड, वारंवार होता. फिल्टर उतरवून पाहिला तर भरलेला नव्हता. दाबाचा सेन्सर सदोष निघाला. बॅटरीचं कारण वेगळंच होतं. किल्ली काढल्यावरही मागचा इन्व्हर्टर करंट खात होता, कारण बॉडी बांधताना मेन स्विचची वायर चुकीच्या जागी जोडली होती. जे दिसलं ते तिथेच कागदावर उतरवलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या.

पुढे सेन्सर, ऑइल आणि वायरिंग विनामूल्य झालं, आणि त्या भागाची वॉरंटी लेखी वाढवून मिळाली. संस्थेला नवी गाडी हवी होती, ती मात्र मिळाली नाही. इथे कायदाही जाणून घ्या. २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. त्या खटल्यात दोष क्लचचा होता. म्हणून 'गाडीच खराब' असं मोघम लिहू नका. कोणता भाग, किती वेळा, कोणत्या तारखेला, ते लिहा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आणखी एक बारकावा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली ट्रस्टला ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही असं म्हटलं होतं. नव्या कायद्यातली व्याख्या अधिक रुंद आहे. तरी बिल कोणाच्या नावाने करायचं, हे वकिलाला खरेदीच्या आधी विचारा, नंतर नको.

आता आपल्या मंडळासाठी काही गोष्टी सांगतो.

पहिलं, गाडी कशासाठी घ्यायची ते ठरवा. अपघाताला आधी १०८. कर्नाटकात ती सेवा २००८ पासून आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून. आपली गाडी डायलिसिसला नेणं, डिस्चार्जनंतर घरी आणणं यासाठी असेल, तर रुग्णवाहिकांच्या एआयएस-१२५ या मानकातला रुग्ण-वाहतुकीचा प्रकार पुरेल का, ते बघा. गाडी नेहमी छोट्याच फेऱ्या मारणार असेल, तर डिझेलच हवं का, हाही प्रश्न विचारा.

दुसरं, ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की गाडी प्रत्यक्ष सेवेत आल्यापासून? बॉडी बांधण्यात दोन महिने गेले तर ते कोणाचे? फिल्टर वॉरंटीत आहे का, आणि उभ्या गाडीत काजळी जाळण्याचं बटण आहे का? गाडी अडकली तर बदली गाडी कोण देणार?

तिसरं, जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. नुसतं 'चेक केलं, ओके' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. फॉल्ट कोडची प्रत मागा.

चौथं, आठवड्यातून एकदा पहाटे, रस्ते मोकळे असताना, हेब्बाळहून देवनहळ्ळीपर्यंत गाडी पळवून आणा. काजळी जाळण्याचं काम चालू असताना, पेशंटची निकड नसेल तर, इंजिन बंद करू नका.

पाचवं, आणि सर्वांत महत्त्वाचं. महिन्यातून एकदा न सांगता फोन करून बघा, गाडी किती मिनिटांत फाटकाबाहेर पडते. आकडा वहीत लिहा. ती आत असेल तेव्हा कोणाला बोलवायचं, तो दुसरा नंबर ड्रायव्हरपाशी आणि ऑफिसच्या भिंतीवर लावलेला असू द्या.

वर्गणी देणाऱ्याला पावती मिळाली की त्याचं काम झालं. आपलं काम त्या पावतीपासून सुरू होतं. गाडीला हार घालून, नारळ फोडून फोटो जरूर काढू. पण त्याच दिवशी एक शंभर पानी वही घ्या, पहिल्या पानावर 'श्री' लिहा आणि दुसऱ्या पानावर पहिली नोंद करा. वहीचे पैसे माझ्याकडून.

गणपती बाप्पा मोरया!