रूथ पिअर्सचं नाव अजून दगडावर आहे

आजची गोष्ट इंग्लंडमधल्या विल्टशायरची. तिकडे बाजार भरायचा त्या जागी दगडी क्रॉस उभारायची जुनी पद्धत. त्याला म्हणतात मार्केट क्रॉस. डिव्हायझेस या बाजाराच्या गावातला आत्ताचा क्रॉस १८१४ चा, माजी पंतप्रधान हेन्री ॲडिंग्टन यांनी दिलेला. त्यावर एका बाजूला त्यांचा गौरव कोरलाय. आणि दुसऱ्या बाजूला? रूथ पिअर्स.

रूथ जवळच्या पॉटर्न गावची. २५ जानेवारी १७५३ ला ती आणि आणखी तीन बायका मिळून बाजारात गव्हाचं एक पोतं घेत होत्या. प्रत्येकीने आपापला वाटा द्यायचा. पैसे गोळा केले तर कमी भरले. रूथला विचारलं. ती म्हणाली, "मी दिलेत. खोटं असेल तर इथेच मरून पडेन." पुन्हा तेच म्हणाली आणि खरंच कोसळली, मेली. पैसे तिच्या मुठीत सापडले.

देवाच्या नावाने खोटं लपवू नका, हा धडा म्हणून नगरपालिकेने हे कोरून घेतलं. तेही ६१ वर्षांनंतरच्या क्रॉसवर!

शपथेने माणूस मरत नाही, हे आपल्याला माहितीये. मग उरतं काय? एक पोतं चौघींत वाटून घेणारी बाई. बाकी तिघींची नावं तिथे नाहीत. हिचं एकटीचं आहे, आणि तिची बाजू कुठेच नाही.

आपण तर दगडही कोरत नाही, नुसता स्क्रीनशॉट फॉरवर्ड करतो. पुढच्या वेळी बोट ठेवण्याआधी रूथ आठवा. भेटू पुढच्या भागात!