मनाची शांती आणि कामाचा दाम

(उद्यमबाग, बेळगाव येथे कामगार व लघुउद्योजक यांच्यासमोर केलेले भाषण)



'दुःख, हव्यास आणि मनःशांती' या विषयावर बोलावे असे मला सुचविण्यात आले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. भट्टीसमोर आठ तास उभे राहून आलेल्या माणसाला शांतीचा उपदेश करणे फार सोपे असते. विशेषतः उपदेश करणारा पंख्याखाली बसलेला असेल तर. शिवाय 'समाधान मानावे' हे वचन आपल्याकडे बहुधा ज्याचा दाम थकलेला आहे त्यालाच ऐकविले जाते. म्हणून आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हक्काची मागणी आणि हव्यास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्या शेजारच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रिया १९८० च्या सुमारास संघटित होऊन रास्त मजुरी मागू लागल्या. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीच्या रस्त्यावर बसले आणि गोळीबारात काहींना प्राणांस मुकावे लागले. या माणसांना लोभी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मनःशांतीच्या नावाखाली अशी मागणी सोडून द्यावी, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही.

परंतु दाम मिळाला, म्हणजे मनही निवते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपल्याला काशी-रामेश्वरास जावयास नको. ते याच बेळगावात घडलेल्या एका प्रसंगात मिळते.

ऑक्टोबर १८९२ मध्ये एक तरुण संन्यासी बेळगावास आले. वय अवघे एकोणतीस. पुढील वर्षी शिकागोच्या धर्मपरिषदेनंतर ज्यांचे नाव जगभर झाले ते हे स्वामी विवेकानंद. प्रथम ते भाटे वकिलांकडे उतरले व नंतर काही दिवस हरिपद मित्र नावाच्या बंगाली गृहस्थांकडे राहिले. मित्र हे येथे वनखात्यात उपविभागीय अधिकारी होते. पद चांगले, वेतन चांगले, घरी उणे काही नाही. तरीही, त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, नोकरीत त्यांना एक दिवसाचे सुख नव्हते. इंग्रज वरिष्ठाने किंचित काही बोलले की त्यांचा जीव जळत असे. प्रकृतीच्या काळजीने नाना तऱ्हेची औषधे घेण्याचीही त्यांना सवय जडली होती. हे सारे त्यांनी स्वामींना सांगितले.

स्वामींनी त्यांना थोपटले नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : नोकरी तुम्ही पैशासाठी आपण होऊन पत्करली, पैसा वेळेवर मिळतो, मग 'मी बंधनात आहे' हे रात्रंदिवस घोकून दुःख का वाढविता? सोडावयाची असेल तर सोडा, कोणी बांधून ठेवलेले नाही. राहावयाचे असेल तर आपल्या कामाकडे पाहा, वरिष्ठांच्या दोषांकडे नव्हे. औषधांविषयीही त्यांनी सांगितले, की आजार खरोखरच अंथरुणास खिळवील तेव्हा औषध घ्यावे. पुष्कळसे दुखणे कल्पनेचे असते.

हे उत्तर कठोर आहे, आणि कारखान्यातील प्रत्येक तक्रारीस ते लावणे अन्यायाचे होईल. भट्टीजवळ काम करणाऱ्यास चष्मा व हातमोजे मिळत नसतील, तर तेथे वरिष्ठास जाब विचारलाच पाहिजे. पण आपण प्रामाणिकपणे पाहिले, तर रात्री ज्यामुळे झोप लागत नाही त्यांतील किती गोष्टी हातमोज्यांच्या असतात आणि किती साहेबांच्या एका शब्दाच्या? किती वेळा आपला पगार कमी म्हणून नव्हे, तर शेजारच्या यंत्रावरील माणसाचा अधिक म्हणून आपण कष्टी होतो? येथे उपस्थित असलेल्या कारखानदार मंडळींनीही हाच प्रश्न स्वतःस विचारावा. एक लेथ असताना जी काळजी होती, ती दहा झाल्यावर दहापट झाली नाही काय? कर्जाच्या हप्त्यावर दुचाकी, मग चारचाकी, मग सदनिका असे आपण घेत जातो. वस्तू वाईट नाहीत. परंतु पुढच्या पाच वर्षांचे वेतन आजच खर्ची पडले, की कामावर गेलेला माणूस स्वतःसाठी जात नाही, हप्त्यासाठी जातो. २०२० च्या टाळेबंदीत भट्ट्या थंड झाल्या तेव्हा हा भार केवढा असतो, हे आपल्यापैकी अनेकांनी सोसले आहे.

आता दुसरी बाजू. हव्यास आवरला तरी दुःख टळत नाही. आजार येतो, घरचे माणूस जाते. तेथे साहेबांचाही दोष नसतो आणि आपलाही. येथून फार दूर नसलेल्या हिंदवाडीत गुरुदेव रानडे यांचे मंदिर आहे. आपल्यापैकी पुष्कळजण त्यावरून नित्य जातात. रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म १८८६ साली जमखंडीस झाला. १९०१ मध्ये, विद्यार्थी असतानाच, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नामाचा उपदेश मिळाला. तरुणपणी गंभीर आजाराने त्यांना गाठले. पुढे आई, पत्नी आणि मूल यांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. असा माणूस कायमचा खचला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. परंतु उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली आणि महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावरील ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. १९२७ पासून जवळजवळ वीस वर्षे त्यांनी अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविले. नेमाचे नामस्मरण त्यांनी १९५७ मध्ये निंबाळ येथे देह ठेवीपर्यंत चालविले. दुःख नाहीसे होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. दिवसातील ठराविक वेळ त्यांनी नामाला दिली, उरलेला कामाला दिला, आणि दुःखाला जी जागा उरली तेवढ्यात ते राहिले.

याचा अर्थ दुःख गिळून गप्प बसावे असा कोणी घेऊ नये. ही गोष्ट ओतकाम करणाऱ्यांना मी सांगावयास नको. साच्याच्या वाळूत ओलावा अधिक राहिला आणि वाफ जाण्यास वाट ठेवली नाही, तर ओतीव बाहेरून निर्दोष दिसते, पण आत पोकळी राहते. लेथवर चढल्यावर ती उघडी पडते आणि सारे श्रम वाया जातात. म्हणून कुशल मोल्डर तारेने साच्यात भोके पाडतो. घरातील पुरुषमाणूस रडत नाही याचा आपल्याला मोठा अभिमान असतो. मला त्यात फारसे भूषण दिसत नाही. कोंडलेला माणूस संध्याकाळी दारूच्या दुकानाकडे वळतो, किंवा घरी जाऊन लेकरांवर हात उगारतो. त्यापेक्षा पत्नीशी, मित्राशी, भजनी मंडळातील एखाद्या वडीलधाऱ्याशी मोकळे बोलणे केव्हाही चांगले. हरिपद मित्रांनीही आपले गाऱ्हाणे प्रथम मोकळेपणाने सांगितले, म्हणूनच त्यांना उत्तर मिळाले, हे विसरू नये.

रोज अर्धा तास, यंत्राचा आवाज थांबल्यावर, ज्याला जसे रुचेल तसे नाम घ्यावे, वाचन करावे वा नुसते शांत बसावे, एवढीच माझी सूचना आहे. पगाराच्या दिवशी पतीपत्नींनी एकत्र बसून कोणता हप्ता आवश्यक व कोणता केवळ शेजाऱ्यामुळे, हे कागदावर मांडून पाहावे. हे सर्वांना साधेलच असे मी म्हणत नाही. मलाही ते नेहमी साधत नाही.

दुसऱ्या पाळीची शिट्टी होण्यास अद्याप थोडा अवधी आहे. कोणास काही विचारावयाचे असल्यास, अथवा माझे म्हणणे पटले नसल्यास, निःसंकोचपणे सांगावे.