आशुरे : एकाच पातेल्यातल्या अनेक आठवणी



तुर्की मिठाई म्हटलं की तुम्हाला बकलावा आठवणार. गाझियानतेपच्या बकलाव्याला 2013 साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं. तो आपलं नाव राखायला समर्थ आहे. मला आज बोलायचंय ‘आशुरे’बद्दल. ती दुकानात मिळते, पण खरी आशुरे येते ती शेजाऱ्याच्या घरून, वाटीतून, मोहरमच्या महिन्यात.

आपल्या खपली गव्हाच्या खिरीची ही चुलत बहीण. गहू रात्रभर भिजवायचे. काबुली चणे आणि पांढरा राजमा वेगवेगळे शिजवायचे, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. मग जर्दाळू, अंजीर, मनुके. साखर शेवटी. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात: साखर आधी पडली, तर कडधान्य मऊ व्हायला तयार होत नाही. वरून अक्रोड, दालचिनी, डाळिंबाचे दाणे. बहुतेक घरांत दूधतूप घालत नाहीत.

लोककथा अशी की प्रलय ओसरल्यावर हजरत नूह यांच्या जहाजात जे मूठमूठ धान्य उरलं होतं, ते सगळं एकत्र शिजवलं गेलं. सुन्नी घरांत दहाव्या मोहरमला आणि पुढचे काही दिवस आशुरे होते ती या सुटकेच्या आठवणीत. अलेवी घरांत मात्र आधी बारा दिवसांचा रोजा असतो, करबलाच्या शोकाचा. त्यानंतर बारा इमामांच्या नावे बारा जिन्नस घालून आशुरे शिजते. करबलातून इमाम झैनुल आबिदीन वाचले, त्याचा शुक्रही त्यात असतो. आर्मेनियन ख्रिस्ती लोक जवळपास हाच पदार्थ नववर्षाला आणि नाताळला करतात. त्यांचं नाव ‘अनुशाबुर’, म्हणजे गोड सूप. मूळ कोणाचं, हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. गहू कोणाचा पंथ विचारत नाही.

पण वाटी पोचली म्हणजे सगळं पोचलं, असंही नाही. 2 जुलै 1993 रोजी सिवास शहरात अलेवींच्या एका सांस्कृतिक महोत्सवाच्या वेळी जुम्याच्या नमाजानंतर जमावाने मादिमाक हॉटेलला आग लावली. महोत्सवासाठी आलेले 33 जण आणि हॉटेलचे 2 कर्मचारी त्यात गेले. अलेवी स्त्रीपुरुष एकत्र बसून, साझच्या सुरांवर इबादत करतात, त्या जागेला ‘जेमेवी’ म्हणतात. मशिदींचं वीजबिल सरकार भरतं, जेमेवींचं मात्र तेव्हा भरत नव्हतं. हा भेदभाव आहे, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2014 साली दिला. आशुरे आवडीने खायची आणि देणाऱ्याच्या इबादतीला इबादत म्हणायचं नाही, हे मला खटकतं. मोहरमला सरबत वाटणाऱ्या आपल्या मोहल्ल्यांतही ‘ते आपल्यातले नाहीत’ हे वाक्य कानावर येतंच की!

घरी करून पाहणार असाल, तर आपण मोहरमच्या खिचड्याला वापरतो तेच गहू चालतील, मटणाची गरज नाही. पातेलं मोठं घ्या, ती गार होताना घट्ट होत जाते. आणि वाट्या परत येतील तेव्हा रिकाम्या येणार नाहीत. ही रीत तुर्कस्तानात आहे आणि आपल्या आयांनाही ती शिकवावी लागलेली नाही.