शाळा मुलांकडे जाते तेव्हा



माहुल हे मुंबईच्या खाडीकाठचे जुने कोळ्यांचे गाव. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, समोर खाडीचा चिखल आणि हिवाळ्यात तेथे उतरणारे रोहित पक्षी. येथील बालकांच्या शिक्षणाचा विचार करताना कोसबाडचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळा होती, परंतु अनेक आदिवासी मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात. त्यांना दोष न देता कुरणशाळा काढण्यात आली. शिक्षक गुरांमागे गेले. पाने, बिया, खडे ही मोजणीची साधने झाली; गाणी-गोष्टींतून अक्षरओळख झाली. वर्गाबाहेर राहिलेली मुले शिकती झाली, हेच त्यांचे पहिले यश.

२००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला. तरीही कोसबाडची दृष्टी जुनी झालेली नाही. माहुलच्या मुलांनी भरती-ओहोटीच्या वेळा नोंदवाव्यात, आजीकडून मासळीची नावे लिहून आणावीत, पक्षी मोजावेत. पुनर्वसनामुळे येथे आलेल्या मुलाने विचारावे, कोळ्याच्या मुलाने सांगावे; वही दोघांची एकच असावी.

हजेरीपटावर गैरहजेरी मांडण्यापूर्वी ते मूल या क्षणी कोठे आहे, एवढे शाळेने विचारावे. कुरणशाळा याच प्रश्नातून उभी राहिली.