धुळ्याच्या तुरुंगातले रविवार



निवडणुकीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. एका खेड्यात शाळेच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. एक म्हातारेबुवा म्हणाले, "मास्तर, मतं देऊन देऊन बोट झिजलं. आता कुणाचा भरवसा नाही. एका पांडुरंगावर भिस्त." मंडळी हसली. मला मात्र हसू आलं नाही. देवावर भिस्त ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं? हात जोडून घरी बसणं की आणखी काही?

यावर माझ्यापाशी तयार उत्तर नाही. एक हकीकत आहे, ती सांगतो.

१९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रही सुटले. आता काहीतरी पदरात पडणार असं लोकांना वाटू लागलं. गांधीजी विलायतेस गोलमेज परिषदेला गेले आणि २८ डिसेंबरला मुंबईच्या धक्क्यावर उतरले ते रिकाम्या हातांनी. ४ जानेवारी १९३२ रोजी सरकारने त्यांना धरून येरवड्यास नेलं. पुन्हा देशभर धरपकड. खानदेशात तर मंदीमुळे कापसाचा भावही बसलेला. नोकरी सोडून, शेत टाकून जे तुरुंगात गेले, त्यांच्या मनात काय चाललं असेल? एकदा तुरुंग भोगून झाला होता आणि हाती काही आलं नव्हतं. आता पुन्हा तोच तुरुंग.

अशा वेळी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते. वय छत्तीस. २१ फेब्रुवारीच्या रविवारी ते कैद्यांसमोर गीतेवर बोलायला बसले. पहिला अध्याय म्हणजे अर्जुनविषादयोग. आता गंमत पाहा, या अध्यायात देव जवळजवळ मुकाच आहे. रथ उभा करतो, जमलेल्यांना पाहून घे एवढ्या अर्थाचं बोलतो, आणि पुढे अध्यायभर गप्प. बोलतो तो खचलेला माणूस. हातापायांतलं बळ गेल्याचं, तोंड कोरडं पडल्याचं तो सांगतो, आणि शेवटी धनुष्य टाकून बसतो. आपल्या जुन्या लोकांनी या खचण्यालाही 'योग' हे नाव दिलं. तो अध्याय त्यांनी गाळला नाही, लपवला नाही. सुरुवातच तिथून केली. निराश झालेल्याला देवाच्या दारातून परत पाठवायचं नाही, हे मला त्यात फार मोठं वाटतं. शिक्षक मंडळींनी वर्गात गीता सांगताना हा अध्याय घाईने उरकू नये.

दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार गेले. १९ जूनला अठरावा अध्याय झाला. मधल्या काळात बाहेर काही सुधारलं नव्हतं. कैद्यांची आशा बातमीवर टांगलेली असती, तर तिसऱ्या रविवारीच तुटली असती. आणि प्रवचन झालं म्हणून कुणी कामातून सुटत नव्हता. विनोबा स्वतः तुरुंगात कष्टाची कामं करीत, दळणही दळीत.

ऐकणाऱ्यांत एक मास्तर होते, साने गुरुजी. अंमळनेरच्या शाळेतली नोकरी १९३० साली सोडून ते सत्याग्रहात पडले होते. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर उतरून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्याला मिळाला तो या लेखणीमुळे. पुढे १९४७ च्या मे महिन्यात याच गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं. अस्पृश्य म्हणून ज्यांना बाहेर ठेवलं होतं, त्यांना विठोबाच्या पायांपाशी जाता यावं म्हणून. दहा दिवस ते उपाशी होते. मंदिर उघडलं. आमच्या म्हातारेबुवांना मी हेच सांगितलं : ज्याची पांडुरंगावर खरी भिस्त होती, त्याला पांडुरंगाने घरी बसू दिलं नाही, उलट पांडुरंगाच्याच दाराशी भांडायला लावलं.

पण हकीकत इथे थांबवली तर ती खोटी होईल. स्वराज्य आलं, आणि ते मनासारखं नव्हतं. गांधीजींचा खून झाला. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपलं आयुष्य स्वतःच संपवलं. ज्या हाताने ती अठरा प्रवचनं उतरवली, त्याच हाताचं हे. का, ते नेमकं सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यांना दुबळं म्हणणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. एवढंच मनात येतं की, धुळ्याला सगळे एकत्र बसत होते. शेजारच्याचा चेहरा पडला तर तो दिसत होता. एवढी मोठी निराशा एकट्याने उशाशी घेऊन झोपायची वस्तू नव्हे.

म्हातारेबुवांना मी विचारलं, "गावात एकादशीचं भजन होतं का?"

"होतं की. पण निवडणुकीपासून दोन फळ्या झाल्यात. ते येईनात."

"मग टाळ कुणाकडे आहेत?"

"निम्मे त्यांच्याकडेच."

मी म्हटलं, "मागायला तुम्ही जा." बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पायांत वहाणा घालता घालता म्हणाले, "मास्तर, तुम्हीही चला सोबत. एकट्याला जड जाईल."

आम्ही दोघं निघालो.