लोकांच्या सुरातील प्रार्थना

राऊ-इंदूरच्या या परिसराशी फादर जॉर्ज प्रोक्श यांचे नाव निगडित आहे. हे जर्मन धर्मगुरू १९३२ साली भारतात आले व इंदूर मिशनात सेवा करू लागले. कॅथलिक चर्चची मुख्य उपासना तेव्हा लॅटिनमध्ये चाले. खेडुताला तिचा अर्थ उमगत नसे. फादर हिंदी शिकले, भारतीय रागांत भजने रचू लागले. पुढे अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून त्यांनी ख्रिस्तचरित्र नृत्यातूनही सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिले ते १९६३ साली. फादरांनी ही वाट कितीतरी आधी धरली होती. दुसऱ्यास ईश्वराकडे नेऊ पाहणाऱ्याने प्रथम त्याचा सूर शिकावा, हाच या साधकाच्या कलेचा बोध होय.