गाडी ओढत नाही, तेव्हा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा मालांतून वेदान्तापासून विनोदापर्यंत सगळ्यावर बोलून झालं. ट्रकच्या एक्झॉस्टवर बोलायला मात्र मला आयोजकांचं मन वळवावं लागलं. "लोक उठून जातील हो," असं एकजण म्हणाले. मी म्हटलं, ज्यांच्या घरात एकाचं तरी पोट ट्रकवर आहे तेवढेच थांबले तरी मंडप भरेल. आपल्या भागातला माल बघा: घुग्घुस, माजरी, सास्तीचा कोळसा, गडचांदूर-आवारपूरचं सिमेंट, बल्लारपूरच्या पेपर मिलकडे येणारा बांबू, सुरजागडचं लोहखनिज आणि मे महिन्यात जंगलातून निघणारा तेंदूपत्ता. यातला बराचसा माल कधी ना कधी डिझेलच्या चाकांवर चढतोच.

मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना माझी गरज नाही, त्यांचे स्वतःचे फिटर असतात. मी बोलतोय तो एका गाडीच्या मालकाशी. गाडी घरासमोर लिंबाखाली उभी असते, हप्ता डोक्यावर असतो आणि एक दिवस ड्रायव्हर येऊन सांगतो, "गाडी वढत नाही जी." लोड घेऊन चढ आला की तिसऱ्या गिअरवर यावं लागतं, मागून काळा धूर आणि डिझेल जास्त. मग कोणीतरी निकाल देऊन मोकळा होतो की टर्बो गेला. नवा टर्बो म्हणजे खर्च किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच की टर्बो उतरवण्याआधी त्याच्यापर्यंत धूर पोचतोय का ते बघा. पुष्कळदा टर्बो धडधाकट असतो आणि वाटेतच गॅस निसटत असतो.

थोडं यंत्राबद्दल. इंजिनात जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा सायलेंसरमधून वाऱ्यावर जातो. आल्फ्रेड ब्यूखी या स्वित्झर्लंडच्या इंजिनिअरने १९०५ साली पेटंट घेतलं ते याच वाया जाणाऱ्या ताकदीवर. निघणाऱ्या गॅसने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची. हाच टर्बो. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. पुण्याला कोथरूडमध्ये १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली आणि मोठी डिझेल इंजिनं महाराष्ट्रातच बनू लागली. आपल्या रस्त्यावरच्या ट्रकमध्ये टर्बो सर्रास दिसू लागला तो मात्र नव्वदच्या दशकापासून.

हेडमधून गॅस निघतो तो मॅनिफोल्डमध्ये, तिथून टर्बोत. या वाटेवर कुठेही फट पडली की चाकाला जोर कमी मिळतो आणि हवा कमी भरली जाते. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत डिझेल मात्र तेवढंच पडत राहतं. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. अशाने एक्झॉस्ट आणखी तापतो आणि तापला की फट आणखी वाढते. दुखणं स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. नव्या इलेक्ट्रॉनिक गाडीत तोच बिघाड निराळा दिसतो. सेन्सरला हवेचा दाब कमी मिळाला की कंट्रोल युनिट आपणहून डिझेल कापतं. धूर फारसा नाही, डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि गाडी मरगळते. टर्बोच्या पुढे, सायलेंसरच्या बाजूला लीक असेल तर ओढीत फारसा फरक पडत नाही, पण आवाज वाढतो आणि केबिनमध्ये गॅस येतो. ते दुखणं हलकं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. आणि आपले ड्रायव्हर तर केबिनमध्येच झोपतात.

आता, आपल्याकडेच हे इतकं का होतं? मॅनिफोल्ड बीडाचा असतो. मीटरभर बीड ५०० अंशांनी तापलं तर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास वाढतं. थंड झालं की परत आखडतं. रोज हा खेळ. ताण सगळ्यात जास्त टोकांवर येतो, म्हणून मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणाऱ्या स्टडपैकी आधी तुटतात ते टोकाचे. त्यात आपली धूळ. कोळशाची काळी, खनिजाची तांबडी. एअर फिल्टर चोंदला की हवा कमी, आणि मघाशी सांगितलेला धुराचा फेरा सुरू. सुरजागडची टेकडी उतरताना भरलेली गाडी एक्झॉस्ट ब्रेकवर धरतात. त्या ब्रेकची पाकळी मिटली की मागे दाब साठतो आणि कमजोर पॅकिंग तिथेच उडतं. खनिजाचा काही भाग आता हेडरीहून कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरच्या पाइपमधून वाहतो हे खरं, पण ट्रक रस्त्यावरून गेलेले नाहीत.

पावसाळ्यात आणखी एक. भामरागडला पर्लकोटा नदीवरचा जुना ठेंगणा पूल पुराखाली जातो, हे आपण दरवर्षी वाचतो. त्याहून लहान नाल्यांवर पाणी ओसरायची वाट कोणी पाहत नाही. लाल व्हायच्या बेतात तापलेला मॅनिफोल्ड थंड पाण्यात बुडाला की बीड तडकतं. ती चीर कधीकधी केसाएवढी असते, गाडी थंड असताना दिसतही नाही.

लीक शोधायचा तो पहाटे, इंजिन पार थंड असताना. गाडी चालू केल्याबरोबर मॅनिफोल्डपाशी टिक् टिक् असा आवाज येतो. पाच-दहा मिनिटांत लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज बंद. म्हणून दुपारी गॅरेजला नेली की मिस्त्री म्हणतो, "काही नाही, मालक." आवाज सापडला की इंजिन बंद करून टॉर्च मारा. जिथून गॅस निघतो तिथे काजळीचा पिसासारखा पट्टा असतो, फ्लँजपासून बाहेरच्या बाजूला पसरत गेलेला. तरीही शंका असेल तर थंड इंजिनावर सायलेंसरच्या तोंडातून हलक्या दाबाची हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघतो तोच प्रकार, बुडबुडा कुठे येतो ते दिसतं. चालू, तापलेल्या इंजिनावर हात फिरवून लीक शोधणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांची बोटंही पाहिली आहेत.

मॅनिफोल्ड उघडण्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. टर्बोतून इंजिनाकडे जाणारी हवा ज्यातून जाते त्या इंटरकूलरचे रबरी होज आणि त्यांचे क्लॅम्प तपासा. तिथली हवा गळाली तरी गाडी ओढत नाही, आणि ते काम दहा मिनिटांचं असतं.

लीक मॅनिफोल्डच्या पॅकिंगला असेल तर खरं काम नट सोडवण्याचं आहे. वर्षानुवर्षं भाजलेला नट पाना लावून झटका दिला की स्टड मुळाशी तुटतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा टाका. नट जरा सोडायचा, जरा आवळायचा, पुन्हा सोडायचा. घाई इथेच महाग पडते. तुटलाच तर उरलेल्या खुंटावर नवा नट ठेवून आत वेल्डिंग भरतात. त्या उष्णतेने आटे मोकळे होतात आणि खुंट नटासकट फिरून बाहेर येतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा. इलेक्ट्रॉनिक गाडीत तर हे विसरलात की स्टडऐवजी कंट्रोल युनिटचा खर्च येतो. शेजारून जाणारी डिझेलची पाइप बाजूला करा, ओलं पोतं आणि वाळूची बादली जवळ ठेवा. टर्बो सुटा केला की त्याच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, कारण तुटक्या स्टडचा कण आत पडला तर पहिल्याच स्टार्टला चाकाची पाती उडतील. जोडताना फडकं काढायला विसरू नका, एवढंही सांगावं लागतं.

मॅनिफोल्ड हातात आला की सरळ पोलादी पट्टी धरून बघा. पट्टीखाली वहीचा कागद सरकत असेल तर नवं पॅकिंग टाकून उपयोग नाही, लेथवाल्याकडून फेस मारून घ्या. चीर असेल तर नवाच घ्या. बीडाचं वेल्डिंग करून देणारे आहेत, पण ते किती दिवस टिकेल याची हमी मी तरी देणार नाही. एम-सील, सिलिकॉन असली मलमं इथे चालत नाहीत, ६०० अंशांत त्यांची राख होते. स्टड आणि नट उष्णता सोसणाऱ्या पोलादाचेच हवेत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तापून लांबतो आणि स्प्रिंग वॉशरची स्प्रिंग महिन्याभरात मरते. जुनं पॅकिंग खरवडताना ते अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं, म्हणून पाणी मारून ओलं करून खरवडा, ग्राइंडर लावू नका. आवळायची सुरुवात मधल्या नटांपासून, मग दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. जोर जास्त दिला म्हणून लीक जास्त बंद होत नाही.

टर्बो उतरवलाच आहे तर त्याचा दांडा हलवून बघा. आडवा किंचित हलतो, तो हलायचाच. पण आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घराला घासत असतील तर तो तज्ज्ञाकडेच द्या. परत बसवताना ऑइलच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल भरल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांबद्दल मात्र मी हात आखडता घेतो. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये फिल्टर, यूरियाची फवारणी आणि जागोजागी सेन्सर आहेत. मॅनिफोल्डचं पॅकिंग घरी बदलता येईल, पण दिवा विझवायला स्कॅनर लागतो. सेन्सरला चकवणारं काही बसवून देतो म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

उष्णता अडवणारा पत्रा, काहीजण निरुपयोगी समजून काढून टाकतात तो, पुन्हा बसवा. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत आपल्या जंगलात वणव्याचा हंगाम धरतात. गाडी आलापल्लीच्या पुढे पानगळीत उभी करायची आणि वर तेंदूच्या पोत्यांचा लोड घ्यायचा, अशा वेळी फ्लँजमधून खाली मारणारा तप्त झोत म्हणजे काय, हे वनरक्षकाला विचारा. दोन-तीन खेपा झाल्यावर गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तर नट पुन्हा तपासा. पहाटे कान लावा. आवाज नसेल, काजळी नवी दिसत नसेल, तर लोडचं भाडं ठरवायला हरकत नाही.